भोसरीतल्या कारखान्याचा उबुंटू 22.04 सर्व्हर: अपडेट करावा की आहे तसाच चालू द्यावा?

तुमचा प्रश्न असा: बिलिंग आणि पोस्टग्रेस (त्याचा डेटाबेस) याच मशीनवर, अपडेट केलं की काहीतरी अडतं, म्हणून आठ महिने हात लावलेला नाही, आता सिक्युरिटीची धास्ती वाटते.

सिक्युरिटी अपडेट म्हणजे नवी आवृत्ती नव्हे. एलटीएसमध्ये (22.04 सारख्या, दीर्घकाळ दुरुस्त्या मिळणाऱ्या आवृत्तीत) सहसा आवृत्ती तीच ठेवून फक्त भोक बुजवतात. 2014 च्या हार्टब्लीड या भोकाची मूळ दुरुस्ती ओपनएसएसएल या एन्क्रिप्शन लायब्ररीच्या 1.0.1जी मध्ये आली, डेबियन स्टेबलने (उबुंटू ज्यावर बेतलंय त्या डेबियनची स्थिर आवृत्ती) मात्र 1.0.1ई ठेवूनच ती लावली. म्हणून ऑडिटवाल्याचा स्कॅनर नुसता आकडा बघून लाल शेरा मारतो, तेव्हा पॅकेजच्या चेंजलॉगमधला (बदलांच्या नोंदीतला) सीव्हीई क्रमांक, म्हणजे त्या भोकाचा नोंदणी क्रमांक, दाखवा. (पोस्टग्रेस अपवाद: तिथे 14 च्या पुढचा आकडा वाढतो, पण डेटाचा साचा तोच राहतो.)

तेव्हा 'जॅमी-सिक्युरिटी'तलं (जॅमी हे 22.04 चं टोपणनाव, हा त्याचा सिक्युरिटी दुरुस्त्यांचा साठा) सगळं अनअटेंडेड-अपग्रेड्स या प्रोग्रामला आपोआप लावू द्या. फक्त वेळ बदला. मुळात त्याचा टायमर सकाळी 6 ते 7 मध्ये कधीही सुटतो, म्हणजे ऐन पहिल्या शिफ्टच्या तोंडावर पोस्टग्रेस रीस्टार्ट होऊन बिलिंगचं कनेक्शन तुटू शकतं. 'एपीटी-डेली-अपग्रेड' टायमर एडिट करून रात्री 2 ला न्या. नव्या वेळेआधी 'ऑनकॅलेंडर'ची (वेळ ठरवणारी) एक रिकामी ओळ टाका, नाहीतर जुनी वेळही चालू राहते.

बाकीचं, म्हणजे 'जॅमी-अपडेट्स' (सिक्युरिटीबाहेरच्या दुरुस्त्या), पीपीए (उबुंटूबाहेरच्यांनी चालवलेले पॅकेजसाठे), डॉकर, कर्नलचं रीबूट, गुरुवारच्या सुट्टीत सकाळीच उरका. बिघडलं तर शुक्रवारच्या शिफ्टपर्यंत दिवस हाताशी असतो. आठ महिन्यांचा साठलेला पहिला हप्ताही तेव्हाच. आधी डेटाबेसचा डंप (पूर्ण प्रत) दुसऱ्या मशीनवर. मग 'एपीटी-गेट'ला 'उणे एस' देऊन रंगीत तालीम करा. 'काढली जाणारी पॅकेजेस' या यादीत तुमच्या कामाचं नाव दिसलं तर तिथेच थांबा. बहुतेक वेळा कुठलातरी जुना पीपीए आडवा आलेला असतो. कॉन्फिग फाइल बदलायची का असं विचारलं तर 'एन'. नवी प्रत शेजारीच 'डीपीकेजी-डिस्ट' नावाने राहते, ती सावकाश ताडून बघा.

पॅकेज बदललं तरी चालू प्रोसेस जुनीच लायब्ररी मेमरीत धरून बसते. 'नीडरीस्टार्ट' (अशा प्रोसेस शोधणारा प्रोग्राम) चालवा, तो सांगेल त्या सर्व्हिसेस उठवा.

आणि 'एपीटी-मार्क होल्ड' (पॅकेज आहे त्याच आवृत्तीवर रोखणारी आज्ञा) जपून वापरा. त्याने सिक्युरिटी दुरुस्तीही अडते आणि पुढे कोणालाच ते आठवत नाही. दर गुरुवारी 'शोहोल्ड'ने रोखलेल्या पॅकेजेसची यादी बघा.