मेघालयात काम करायचे आहे: कृषी पदवी की पशुवैद्यक?

सप्रेम नमस्कार,

बारावीत जीवशास्त्र घेतलेल्या आपल्या मुलीला मेघालयातील री-भोई जिल्ह्यात शेतकऱ्यांसोबत काम करायचे आहे. तिने बी.एस्सी. कृषीला जावे की पशुवैद्यक व्हावे, आणि पुढे तिच्यासाठी तिथे थोडी जमीन घेता येईल का, असे आपण विचारले आहे.

जमिनीचा विचार आजच सोडावा, हे आधी स्पष्ट सांगतो. मेघालयात 1971 च्या जमीन हस्तांतरणविषयक कायद्यानुसार आदिवासींची जमीन बिगर-आदिवासींकडे जाण्यावर कडक निर्बंध आहेत आणि खासी समाजात बरीच जमीन कुळाची किंवा गावाची असते. हे बंधन मला योग्यच वाटते. आपल्या मुलीने तिथे जायचे ते जाणकार म्हणून, जमीनदार म्हणून नव्हे.

आता अभ्यासक्रमाविषयी. तिथल्या उतारांवर पावसाने मातीतील कॅल्शियम व मॅग्नेशियम वाहून जाते, माती आम्लधर्मी होते आणि दिलेला स्फुरद (फॉस्फरस) पिकाला मिळण्याऐवजी मातीतच अडकून पडतो; अशा मातीला चुना आणि शेणखत दोन्ही लागतात, आणि खत मिळते ते दारातल्या डुकरांकडून, कोंबड्यांकडून व गुरांकडून. त्यामुळे तिथे पशुपालन हा शेतीचा जोडधंदा नसून शेतीचा पायाच आहे. त्यातही डुक्कर हे घरची बचत असते, अडचणीच्या वेळी विकता येणारी. 2020 मध्ये आसाम आणि अरुणाचल प्रदेशात आफ्रिकन स्वाइन फीव्हर हा डुकरांचा रोग भारतात प्रथमच आढळला आणि पुढे तो ईशान्येत पसरला, तेव्हा हे किती नाजूक आहे ते दिसले. हा रोग माणसाला होत नाही, पण बाधित डुकरे बहुतेक दगावतात आणि त्यावर उपचार नाही. खरकटे नीट उकळून देणे, नवे जनावर काही काळ वेगळे ठेवणे, गोठ्यात येणाऱ्यांची पादत्राणे निर्जंतुक करणे, एवढ्यावरच सारी भिस्त असते. ही शिस्त घराघरात, बहुतांशी जनावरे सांभाळणाऱ्या बायकांशी त्यांच्या भाषेत बोलून रुजवू शकेल अशा पशुवैद्याची तिथे खरी गरज आहे.

म्हणून माझा कौल पशुवैद्यकाकडे आहे. बी.व्ही.एस्सी. अँड ए.एच. हा अभ्यासक्रम एक वर्षाच्या इंटर्नशिपसह साडेपाच वर्षांचा असतो आणि प्रवेश ‘नीट’ (NEET) या राष्ट्रीय प्रवेश परीक्षेच्या गुणांवर होतो. महाराष्ट्रात नागपूरच्या पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठाची मुंबई, शिरवळ, परभणी, उदगीर अशी महाविद्यालये आहेत. मात्र रक्त, शवविच्छेदन आणि रात्री-अपरात्रीची बाळंतपणे तिला झेपतील का, हे तिने जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात काही दिवस थांबून स्वतःच पाहावे. केवळ डोंगर आवडतात म्हणून हा व्यवसाय निभावत नाही. तिथे मन रमले नाही तर कृषी पदवी घ्यावी, आणि मग दापोलीच्या कृषी विद्यापीठाला पहिली पसंती द्यावी, कारण कोकणातला मुसळधार पाऊस, उतार आणि आम्लधर्मी जांभी माती महाराष्ट्रात मेघालयातील परिस्थितीच्या सर्वांत जवळ जाते.

नोकरीचेही वास्तव लक्षात घ्यावे. मेघालयाच्या राज्य सेवेतील बहुतेक जागा स्थानिक जमातींसाठी राखीव असतात. तिच्यासाठी अधिक खुला मार्ग संशोधनाचा आहे: री-भोईतच उमियम येथे भारतीय कृषी अनुसंधान परिषदेचे 1975 मध्ये स्थापन झालेले ईशान्य डोंगरी प्रदेशाचे संशोधन संकुल आहे, आणि स्थानिक डुकरांच्या संकरातून ‘लुमस्नियांग’ ही जात तिथेच विकसित झाली. शास्त्रज्ञ होण्यासाठी पदव्युत्तर पदवी आणि राष्ट्रीय पातळीवरील स्पर्धा परीक्षा आवश्यक असते. त्या पदवीसाठी गुवाहाटीतील खानापारा येथील पशुवैद्यक महाविद्यालयाचा विचार करावा. ते री-भोईला लागूनच आहे आणि तिथे राहून खासी भाषेशी ओळखही करून घेता येईल.

एक व्यावहारिक गोष्ट. इतर राज्यांतील पशुवैद्यक महाविद्यालयांच्या 15 टक्के अखिल भारतीय जागांसाठी नीटच्या निकालानंतर भारतीय पशुवैद्यक परिषदेकडे स्वतंत्र नोंदणी करावी लागते. राज्याच्या प्रवेशप्रक्रियेत अर्ज केला म्हणजे तीही झाली असे अनेक पालक समजतात. तसे होत नाही, तेव्हा दोन्ही अर्ज वेळेत भरावेत.