वाचकांचे प्रश्न: १.६ टाकलं आणि इलेक्ट्रॉन सुटला!

प्रश्न: मी एमएस्सी फिजिक्सला आहे, मुलुंडहून कलिन्याला येतो. क्वासिपीरियॉडिक लॅटिसमध्ये (घरांची अशी साखळी, जिथे एनर्जी नियमाने बदलते पण तंतोतंत तीच रचना कधी परत येत नाही) इलेक्ट्रॉन एका जागी अडकतो म्हणे, पण तिथे रँडम काहीच नसतं ना, सगळं फॉर्म्युल्याने ठरलेलं, मग अडकतो कसा? आणि पायथनमध्ये मी सुवर्ण गुणोत्तर १.६१८०३३९... ऐवजी नुसतं १.६ टाकलं तर वेव्हफंक्शन (इलेक्ट्रॉन कुठे सापडेल ते सांगणारं) २०० घरांच्या अख्ख्या साखळीभर पसरलं. कोड चुकलाय का?

उत्तर: कोड ठीक आहे हो. १.६ म्हणजे ८/५, त्यामुळे तुमचं कोसाइन पोटेन्शियल, म्हणजे घराघराची एनर्जी, दर ५ घरांनी परत तेच येतं, सहावं घर म्हणजे डिट्टो पहिलं. झाला की साधा क्रिस्टल, मग इलेक्ट्रॉन पसरणारच.

असं बघा, एका प्लॅटफॉर्मवर दर ५ मिनिटांनी लोकल आणि समोर दर ८ मिनिटांनी (वेळेवर येतात असं धरलंय, हसू नका). दोन्ही एकदम लागल्या की ४० मिनिटांनी परत एकदम लागणार. आता ८ च्या जागी ५ गुणिले सुवर्ण गुणोत्तर ठेवा, ८.०९ च्या आसपास, मग टाइमटेबल पक्कं असूनही त्या परत कधीच बरोब्बर एकदम लागत नाहीत, थोडक्यात हुकतात.

इलेक्ट्रॉनची गत तीच. उडी मारायची तर दोन घरांची एनर्जी जवळपास जुळायला हवी, आणि जुळणारी घरं सापडतात ती ५, ८, १३, २१ अशा अंतरावर, जितकी जास्त जुळणारी तितकी लांब, आणि पोटेन्शियल तगडं असेल तर लांबची उडी इतकी झपाट्याने कमजोर होते की ते जुळणं काही कामाला येत नाही.

पण "तगडं असेल तर" हे विसरू नका, खरी गंमत तिथेच आहे. रँडम साखळीत एकमितीत जरासा गोंधळसुद्धा अडकायला पुरतो. इथे तसं नाही, ऑब्री आणि आंद्रे यांनी १९८० मध्ये दाखवलं की पोटेन्शियल हॉपिंगच्या (शेजारच्या घरात उडी मारायच्या ताकदीच्या) दुपटीपेक्षा कमी असेल तर सगळ्या अवस्था पसरलेल्या, जास्त असेल तर सगळ्या अडकलेल्या. फ्लोरेन्समध्ये २००८ साली १०३२ आणि ८६२ नॅनोमीटरचे दोन लेझर एकमेकांवर टाकून पोटॅशियमच्या थंडगार अणूंवर हे प्रत्यक्ष बघितलंय.

आता पूर्ण सुवर्ण गुणोत्तर टाका आणि पोटेन्शियल हॉपिंगच्या तिप्पट ठेवा, लोकलायझेशन लेंथ (वेव्हफंक्शन साधारण किती घरांत विरत जातं ते अंतर) साधारण अडीच घरं येईल. २.१ पट ठेवलंत तर तीच वीसेक घरं होते, तेव्हा साखळी छोटी घेऊ नका, नाहीतर परत म्हणाल पसरला.