आपल्या गंगेवर कॉटन का नाही झाला?

प्रश्न : राजमहेंद्रीजवळ धवळेश्वरमला, गोदावरीच्या बंधाऱ्यापाशी एका इंग्रजाचा पुतळा पाहिला. लोक त्याला हार घालतात. हा कोण? आणि तसलं काम तेव्हाच आपल्या गंगेवर, म्हणजे मराठवाड्यातल्या गोदावरीवर, का नाही झालं?
– एक वाचक, गंगाखेड

उत्तर : ताई, तो सर आर्थर कॉटन. जन्म १८०३चा. सोळाव्या वर्षी मद्रास इंजिनिअर्समध्ये लागला, म्हणजे कंपनीच्या फौजेतला माणूस. पहिल्या ब्रह्मी युद्धातही होता. त्या काळी बांधकामाचं वेगळं खातं नव्हतं, म्हणून रस्ते, तलाव, कालवे सगळं लष्करी इंजिनिअरांच्याच गळ्यात. कावेरीवर काम करताना त्याने चोळ राजांचं कल्लणै हे जुनं दगडी धरण नीट पाहिलं. वाळूच्या पात्रातही दगडी काम शतकानुशतकं टिकतं, हे तिथे शिकलो, असं तो मोकळेपणाने सांगे. मला त्याच्या ‘सर’कीपेक्षा ही कबुली मोठी वाटते. १८४७ ते १८५२ या काळात त्याने धवळेश्वरमचा बंधारा बांधला.

आता तुमचा खरा प्रश्न. इथे निजामाचा अंमल होता, कॉटन मद्रास सरकारचा नोकर, हे एक. पण अडचण जमिनीची जास्त. समुद्राजवळ नदी गाळ टाकत टाकत स्वतःच उंच होते. दारं धरणाऱ्याला, म्हणजे पिकाला पाणी देणाऱ्याला, हे सांगायला नको : दांड (पाण्याचा पाट) वाफ्यापेक्षा उंच असला की कड फोडली तरी पुरे. तिथे बारा-एक फुटांच्या बंधाऱ्यावर पाणी दोन्हीकडे आपोआप पसरलं. आपल्याकडे गंगा खोल पात्रातून वाहते, दरडी उंच. तेवढ्या बंधाऱ्याने पाणी पात्रातच तुंबेल, शेतात चढणार नाही. म्हणून तर पैठणला दहा किलोमीटर लांबीचं मातीचं जायकवाडी घालावं लागलं (पायाभरणी १९६५, शास्त्रीजींच्या हस्ते) आणि नांदेडला विष्णुपुरीत पंपांनी पाणी उचलावं लागतं. पाटबंधारे खात्यात आयुष्य गेलं माझं. ‘साधा बंधारा का नाही घालत?’ हा प्रश्न प्रत्येक गावात ऐकला.

कॉटनचं सगळंच बरोबर होतं असं नाही. रेल्वेपेक्षा नावा चालणारे कालवे काढा, असा हट्ट त्याने १८७८ मध्ये पार्लमेंटच्या समितीपुढेही धरला. चैत्रात आपल्या काठावर येऊन बघितलं असतं तर नावेचं नाव काढलं नसतं! १८९९ मध्ये तो वारला.

तुम्ही पाहिलात तो बराज (दारं असलेला बंधारा) मात्र नवा, १९७०नंतर जुन्या बंधाऱ्याच्या जागी बांधलेला. नाव कॉटनचंच ठेवलंय.