नॉर्मल डिलिव्हरीनंतर टाके दुखतात, अंगावर पाजताना कोणती गोळी चालेल?

तुम्ही लिहिलंय की परवा पहाटे बायकोची नॉर्मल डिलिव्हरी झाली, खाली टाके आहेत, धड बसता येत नाही. घरी येताना ट्रामाडॉल आणि पॅरासिटामॉल एकत्र असलेली गोळी मिळाली आहे आणि आई म्हणतात, गोळी दुधात उतरते, सोसायचं. त्या एका गोळीबद्दल आईंची शंका रास्त आहे. सोसायची मात्र काहीच गरज नाही.

ट्रामाडॉल अफूच्या जातीतलं औषध. काही बायकांच्या यकृतात त्याचं फार झपाट्यानं अधिक तीव्र द्रव्य बनतं. ते दुधातून गेलं तर बाळ सुस्त पडतं, ओढत नाही, श्वास मंदावतो. असं कुणाच्या बाबतीत होईल ते वरून ओळखता येत नाही. म्हणून अमेरिकेच्या औषध नियामकानं, एफडीएनं, २०१७ मध्ये अंगावर पाजणाऱ्या आयांनी ट्रामाडॉल आणि कोडीन घेऊ नये असा इशारा दिला. आजच डॉक्टरांना फोन करून गोळी बदलून घ्या. एखाददुसरी पोटात गेली असेल तर घाबरू नका, पण बाळ उठवूनही उठत नसेल किंवा श्वास संथ वाटला तर लगेच दवाखाना गाठा.

बदली म्हणून साधं पॅरासिटामॉल आणि आयबुप्रोफेन मागा. दोन्ही अंगावर पाजताना चालतात. वजनाच्या हिशेबानं धरलं तर आईच्या आयबुप्रोफेनचा १ टक्काही बाळाला पोहोचत नाही. पॅरासिटामॉल ६५० मिलिग्रॅम दर सहा तासांनी. आयबुप्रोफेन ४०० मिलिग्रॅम दिवसातून तीनदा, खाऊनच, दोन गोळ्यांत किमान सहा तास ठेवून. दोन्ही वेगळ्या वाटांनी काम करतात, म्हणून एकत्र घेतल्या तरी चालतात आणि एकटीपेक्षा जोडी जास्त गुण देते. चूक बहुतेक वेळी होते ती गोळी ‘फारच दुखलं तर’ घेण्यात. ठणका चढल्यावर घेतलेली गोळी मागे पडते. पहिले दोन-तीन दिवस घड्याळ लावून द्या, मग कमी करत न्या.

आयबुप्रोफेन सगळ्यांना नाही. मूत्रपिंडाचा त्रास, पोटात अल्सर, वेदनाशामक गोळीनं उठणारा दमा, प्लेटलेट कमी असणं किंवा प्रसूतीत जास्त रक्तस्राव झालेला असला, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको. बीपी वाढलं होतं तरी आधी विचारा.

आता गोळ्यांची पाकिटं हातात घेऊन मागची बारीक अक्षरं वाचा. कॉम्बिफ्लॅममध्ये आयबुप्रोफेन आणि पॅरासिटामॉल दोन्ही आहेत. झिरोडॉल-पीमध्ये अ‍ॅसिक्लोफेनॅक आणि पॅरासिटामॉल. यांवर वेगळी गोळी दिली की मात्रा नकळत दुप्पट होते. आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक, अ‍ॅसिक्लोफेनॅक, मेफेनॅमिक ही एकाच जातीची वेदनाशामकं, यांतलं एका वेळी एकच. पॅरासिटामॉल सगळं धरून दिवसाला ४ ग्रॅमच्या आत, आणि वजन ५० किलोपेक्षा कमी असेल तर डॉक्टर सांगतील तेवढंच. पाळीच्या दुखण्यासाठी घरात असलेली मेफ्टाल-स्पास मात्र देऊ नका. तिच्यातलं डायसायक्लोमिन पाजणाऱ्या आईला वर्ज्य आहे.

पाजताना ओटीपोटात कळा येतात, त्या टाक्यांच्या नव्हेत. बाळ ओढू लागलं की गर्भाशय आवळतं. दुसऱ्या-तिसऱ्या खेपेला त्या जास्त असतात. पाजण्याच्या अर्धा-पाऊण तास आधी आयबुप्रोफेनची वेळ जुळवा आणि पाजायला बसण्याआधी लघवी करून यायला सांगा. भरलेलं मूत्राशय गर्भाशयाला नीट आवळू देत नाही, कळा वाढतात.

टाक्यांच्या सुजेला गारवा लागतो, शेक नव्हे. सॅनिटरी पॅड पाण्यानं ओलसर करून स्वच्छ पिशवीत घालून तासभर फ्रीजरमध्ये ठेवा, मऊ सुती कापडात गुंडाळून दहा-पंधरा मिनिटं लावा, दोन-तीन तासांनी पुन्हा. उघड्या कातडीवर बर्फ नको. बाजेखाली शेगडी ठेवायचा आग्रह असेल तर आईंना समजावून सांगा की उबेनं ताजी सूज वाढते आणि बंद खोलीत धूर बाळाच्या छातीत जातो. तिसऱ्या दिवसापासून टबात कोमट पाणी घेऊन दहा मिनिटं बसू दे, दिवसातून दोनदा. पाण्यात डेटॉल नको, आग होते. बेटाडीनही नको, कारण आयोडीन अंगात शोषलं जाऊन दुधातून बाळाच्या थायरॉइडपर्यंत जातं. नुसतं पाणी पुरतं. लघवी करताना वरून कोमट पाणी सोडलं की चरचर कमी होते. बसायला मधे भोक असलेली उशी नको, तिनं टाके ताणतात. कुशीवर झोपून पाजणं बरं.

शौचाच्या भीतीनं बायका जेवण तोडतात आणि लोहाच्या गोळ्यांनी मळ आणखी घट्ट होतो. मळ मऊ करणारं इसबगोल किंवा लॅक्ट्युलोजचं औषध पहिल्या दिवसापासून चालतं. शौचाला बसताना स्वच्छ पॅड टाक्यांवर पुढून हलकं दाबून धरलं की आधार मिळतो.

दुखणं रोज थोडं उतरायला हवं. गोळ्या घेऊनही वाढत गेलं, गुदद्वाराशी असह्य दाब आला, लघवी अडली, १००.४ पेक्षा ताप आला, घाण वास आला, टाके उसवले किंवा तासाभरात पॅड भिजलं, तर पुढच्या गोळीची वाट न बघता तिला घेऊन निघा.