लॅपटॉप राहू द्या, आधी बॉण्ड कधी मिळाला ते बघा

प्रश्न (थोडक्यात): मी सातपूर एमआयडीसीत नोकरीला आहे. वय ४७, महिना हातात ६२ हजार येतात. घराचा हप्ता १९ हजार, कर्ज अजून १४ लाख बाकी. घरखर्च आणि मुलाची फी मिळून ३० हजार. मुलगा इंजिनीअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे, त्याला गेमिंग लॅपटॉप हवाय. दोन बघून ठेवलेत, दोन्हींत आरटीएक्स ४०६० ग्राफिक्स कार्ड. एक जाडजूड, प्लास्टिक बॉडीचा, ८८ हजारांना. दुसरा पातळ, मेटल बॉडीचा, १ लाख १५ हजारांना, २४ महिने नो कॉस्ट ईएमआयवर. मुलगा म्हणतो, मेटलचा तापत नाही आणि टिकतो. ईएमआयची सोय झाली आहे. ४ लाखांच्या एफडीची मुदत भरली, तेव्हा बँकेतल्या मॅडमनी दीड लाख एका योजनेत टाकून दिले. त्यातून पहिल्या वर्षापासून दरवर्षी ४५ हजार परत येतात. बॉण्ड ११ तारखेला कुरिअरने आला. शिवाय मुलाचं यूट्यूब चॅनल आहे, तेही पैसे देऊ लागेल. कोणता लॅपटॉप घ्यावा?

उत्तर: लॅपटॉपचं सांगतो, पण आधी तुमची ईमेल उघडा आणि बॉण्डवरच्या विमा कंपनीचं नाव टाकून शोधा (बॉण्ड म्हणजे विमा पॉलिसीचा कागद). बॉण्डची पीडीएफ बहुतेक कुरिअरच्या आधीच येऊन पडली असेल. पॉलिसी मिळाल्यापासून ३० दिवसांत ती परत करता येते, याला फ्री-लूक म्हणतात, आणि मिळाली म्हणजे कागदावर किंवा ईमेलवर, दोन्ही आलं. आज २९ तारीख. ११ पासून मोजलं तर १८ दिवस गेले. पीडीएफ ३ तारखेला आली असेल तर चारच दिवस हातात आहेत असं धरून चाला.

तुम्ही ज्याला 'योजना' म्हणताय ती १० वर्षं हप्ते भरायची विमा पॉलिसी आहे. दीड लाख एकदा टाकून मोकळं होण्याची गोष्ट नाही, पुढच्या वर्षी पुन्हा दीड लाख, त्याच्या पुढच्या वर्षी पुन्हा. हे तुमच्या पत्रात कुठेच नाही, म्हणजे मॅडमच्या बोलण्यातही नसावं. सोबत पाठवलेल्या फोटोत मात्र स्वच्छ छापलं आहे. पडताळणीच्या फोनवर 'सगळ्याला हो म्हणा' असं सांगितलं होतं का? विचारतोय खरा, पण उत्तर मला ठाऊक आहे.

आता हिशेब. १० वर्षांत तुम्ही भरणार १५ लाख. २५ वर्षं ४५ हजार म्हणजे सव्वाअकरा लाख, आणि शेवटी, तुमच्या वयाच्या ७२ व्या वर्षी, २० लाख. बेरीज सव्वाएकतीस लाख. 'भरले त्याच्या दुप्पट' म्हणून हेच दाखवतात. तारखा लावून परतावा काढला तर वर्षाला ५ टक्क्यांच्या आसपास येतो. पीपीएफ एप्रिल २०२० पासून ७.१ टक्के देतोय आणि त्याला एजंट लागत नाही.

बरं, हे ५ टक्केसुद्धा सगळं सुरळीत झालं तर. त्याच फोटोतल्या फायद्यांच्या तक्त्यात दोन रकाने आहेत, एक ४ टक्के परतावा गृहीत धरून, एक ८ टक्के. तुमचे ४५ हजार ८ टक्क्यांच्या रकान्यातले आहेत आणि त्याखाली बारीक अक्षरांत लिहिलंय की कॅश बोनसची, म्हणजे याच ४५ हजारांची, हमी नाही. आणि पहिल्या वर्षी परत येणारे ४५ हजार कुणाचे? तुमच्याच दीड लाखातले. पेढ्यांचे पैसे आपणच द्यायचे आणि त्यातला एक पेढा हातावर ठेवला की धन्यवाद म्हणायचं, असला हा कारभार.

ईएमआयशीही जुळत नाही. लॅपटॉपचा हप्ता ४,८०० च्या घरात, ४५ हजारांचे महिन्याला होतात ३,७५०. हप्ता पुढच्या महिन्यापासून, ४५ हजार वर्ष संपल्यावर. खर्च वजा जाता तुमच्याकडे महिना १३ हजार उरतात, वर्षाला १ लाख ५६ हजार. म्हणजे एफडीतले उरलेले अडीच लाख संपले की पुढची अख्खी बचत या एका पॉलिसीच्या तोंडात. तिसऱ्या-चौथ्या वर्षी हप्ता चुकेल आणि सरेंडर करायला, म्हणजे मुदतीआधी पॉलिसी मोडायला याल, तेव्हा भरलेल्यापेक्षा कमी घेऊन जाल. अशा फायली माझ्या टेबलावर दर महिन्याला येतात.

तर अर्ज आजच करा. थेट विमा कंपनीला, बॉण्डवर दिलेल्या ईमेलवर, आणि नाशिकमधल्या शाखेत कागदावरही. पॉलिसी नंबर, मिळाल्याची तारीख, रद्द केलेला चेक, मूळ बॉण्ड. कारणाच्या जागी 'अटी मान्य नाहीत' एवढं पुरे. पोच घेतल्याशिवाय काउंटर सोडू नका. बँकेतल्या मॅडमच्या हातात अर्ज देऊ नका; त्या 'सर, मी पाठवते' म्हणतील आणि ३० दिवस निघून जातील. मुद्रांक शुल्क, तपासणी झाली असेल तर तिचा खर्च आणि मधल्या दिवसांच्या विमा संरक्षणाचे थोडे पैसे कापून बाकी रक्कम परत येते.

आणि विम्याबद्दल बोलतोच आहोत तर, या पॉलिसीत तुमचं संरक्षण आहे १५ लाख. उद्या तुम्हाला काही झालं तर त्यात घराचं कर्ज फिटेल, पुढे वहिनींनी काय करायचं? साठीपर्यंत ७५ लाखांचा साधा टर्म विमा घ्या, म्हणजे त्या मुदतीत माणूस गेला तरच पैसे देणारा. या वयात वर्षाला २० ते २५ हजार पडतील, महिन्याच्या १३ हजारांतून सहज निघतात. तंबाखू खात असाल तर फॉर्मवर लिहा. हप्ता वाढेल, पण क्लेम नाकारला जाण्यापेक्षा ते बरं.

आता लॅपटॉप. मुलाचं म्हणणं अर्धं चूक आहे. मेटल बॉडी तापत नाही असं नाही, उलट आतली उष्णता ती लवकर बाहेर आणते, त्यामुळे हाताला जास्त चटका बसतो. खरा प्रश्न आतल्या तांब्याच्या नळ्या, पंखे आणि हवा बाहेर पडायच्या जाळ्या केवढ्या आहेत हा. पातळ लॅपटॉपमध्ये त्यांना जागाच कमी. म्हणून कंपन्या तेच कार्ड कमी वॉटवर चालवतात. लॅपटॉपचं आरटीएक्स ४०६० हे ३५ वॉटपासून ११५ वॉटपर्यंत कितीवरही बसवलेलं असू शकतं. स्टिकर तेच, दम निम्मा. दुकानदाराला 'कार्ड किती वॉटचं' एवढंच विचारा. सांगता आलं नाही तर कंपनीच्या साइटवर मॉडेल नंबर टाकून बघा. जाड लॅपटॉप पूर्ण वॉटवर चालत असेल तर २७ हजार कमी देऊन तुम्ही जास्त वेगाचं मशीन घेताय.

आणि दुकानातला डेमो एसीत असतो. तिथे २४ डिग्री, तुमच्या वरच्या मजल्यावरच्या खोलीत एप्रिलच्या दुपारी ३६. (नाशिक थंड म्हणणारे पाहुणे जानेवारीत येऊन जातात.) बाहेरची हवा १२ डिग्री गरम तर आतली चिपही साधारण तेवढीच जास्त तापणार, आणि ९५-१०० च्या आसपास गेली की ती स्वतःच वेग कमी करते. एसीतला डेमो आणि ८ टक्क्यांचा रकाना, एकाच जातीचे. चार्जर लावून अर्धा तास गेम चालवून बघू द्या, असा आग्रह धरा. मग किबोर्डच्या मधोमध बोट ठेवा, डब्ल्यू-ए-एस-डी या बटणांवर ठेवा. मुलाची बोटं तिथे तासन्तास असणार आहेत.

बांधणी बघताना मी बिजागरीपासून सुरुवात करतो. गेल्या वर्षी भाचीसाठी घेतलेल्या लॅपटॉपचं झाकण एके दिवशी उघडताना कडकन वाजलं. उघडून पाहिलं तर बिजागरीचे स्क्रू ज्या इवल्याशा पितळी नटांत बसतात ते नट प्लास्टिकसकट उपटून आले होते. कंपनीने 'आपटला असेल' म्हणून वॉरंटीतून हात झटकले. म्हणून झाकण एका कोपऱ्याला धरून उघडा. दुसरा कोपरा मागे राहिला, स्क्रीन पिळवटली, तर तो मेटलचा असला तरी ठेवून द्या. किबोर्डच्या मध्यावर अंगठा दाबा, किती खचतो बघा. घरी आल्यावर लॅपटॉप गादीवर ठेवू देऊ नका. खालच्या जाळ्या बंद झाल्या की सव्वा लाखाचं मशीनही गुदमरतं. वर्षातून एकदा पंख्यातली धूळ काढून घ्या.

नो कॉस्ट ईएमआय नको. शून्य टक्के व्याज असं काही नसतं, हे रिझर्व्ह बँकेने २०१३ मध्येच बँकांना बजावलंय. रोखीची सूट जाते, आणि ईएमआय क्रेडिट कार्डावर असेल तर व्याजाच्या भागावर १८ टक्के जीएसटी वेगळा, तुमच्या बाबतीत तीनेक हजार.

यूट्यूबचं म्हणाल तर जाहिरातीतला वाटा मिळायला १,००० सबस्क्रायबर आणि १२ महिन्यांत ४,००० तास बघितलेलं (किंवा ९० दिवसांत शॉर्ट्सना १ कोटी व्ह्यूज) लागतं. मुलाच्या चॅनलवर किती आहेत ते तुम्ही लिहिलं नाहीत. करू दे त्याला हौसेनं, पण बजेटच्या वहीत त्या ओळीत आज शून्य लिहा.

पैसे परत आले की एफडीतले ४ लाख जवळजवळ पुन्हा जुळतील. त्यातून ८८ हजारांचा लॅपटॉप रोखीने घ्या. उरतात तीन लाखांच्या वर, म्हणजे तुमचा सहा महिन्यांचा खर्च, हप्त्यासकट. त्याची पुन्हा एफडी करा, शक्यतो दुसऱ्या बँकेत. आणि पोचेवरचा शिक्का नीट उमटलाय का ते काउंटरवरच बघा, तारीख वाचता आली पाहिजे.