उद्या फोन आला, मग परवा काय?

दहावीचा निकाल लागून अकरावीचे प्रवेश उरकले, की माझ्याकडे, म्हणजे समुपदेशकाकडे, एका ठरावीक तक्रारीचे पालक यायला लागतात. "मॅडम, पोरगा तसा गुणाचा आहे हो. फक्त आयफोनचं खूळ डोक्यात बसलंय." नाशिकच्या सिडकोतले येतात, इंदिरानगरचे येतात, दिंडोरी-पिंपळगावकडचे द्राक्ष बागायतदारही येतात. घरच्या उत्पन्नात जमीन-अस्मानाचा फरक असतो, पण तक्रार शब्दाशब्दाला सारखी. ज्याला परवडतं तो विचारतो, "देऊन टाकू का?" ज्याला परवडत नाही तो विचारतो, "नाही कसं म्हणू?" मी दोघांनाही म्हणते, किमतीचं नंतर बघू. हा फोन घेऊन त्याला जायचंय कुठे, ते आधी शोधू.

हे शोधायला किती वेळ लागतो आणि ते सापडलं की पुढचं किती सोपं होतं, हे सांगण्यासाठी एका मुलाची गोष्ट लिहिते. त्याला प्रथमेश म्हणू. नाव आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत, घरच्यांची संमती घेतली आहे.

प्रथमेशचे वडील अंबडच्या औद्योगिक वसाहतीत सीएनसी मशीनवर काम करतात, आई घरून जेवणाचे डबे देते. मुलगा दहावीपर्यंत घराजवळच्या शाळेत होता. तिथे तो हुशार म्हणून सगळ्यांना माहीत. आता कॉलेज रोडवरचं कॉलेज आणि गंगापूर रोडवरचा जेईईचा क्लास. दहावीच्या वर्षात वडील बोलून गेले होते, "नव्वदच्या वर गेलास तर मागशील ते." तो नव्वदच्या वर गेला. वडिलांनी सोळा हजारांचा अँड्रॉइड आणला, चांगलाच होता. मुलगा महिनाभर घरात धड बोलला नाही, ताट घेऊन खोलीत जायचा. मग क्लास बुडतोय असा मेसेज आला, तेव्हा ते माझ्याकडे आले.

पहिल्याच भेटीत एक गोष्ट माझ्या नजरेत भरली. या वयाची मुलं खुर्चीत बसली की फोन टेबलावर ठेवतात, निदान मांडीवर तरी. प्रथमेशने तो दप्तरात टाकला आणि चेन ओढून घेतली. मी काही बोलले नाही, मनात टिपून ठेवलं.

"आयफोन का हवा?" हा प्रश्न मी कधीच विचारत नाही. त्याचं उत्तर पाठ असतं: कॅमेरा चांगला असतो, फोन हँग होत नाही, टिकतो. त्यातून दुकानदाराला मदत होते, मला नाही. मी म्हटलं, "तुमच्या वर्गात मोबाइलचं काय काय चालतं, मला शिकव. मी जुन्या काळातली बाई आहे."

त्याने थेट अमेरिकेपासून सुरुवात केली. "तिकडे तर मेसेज हिरवा दिसला की ग्रुपमधून काढतात." ही गोष्ट त्याने रील्समध्ये पाहिली होती आणि ती अगदीच खोटी नाही. अ‍ॅपलची आयमेसेज सेवा २०११ साली आली. दोन आयफोनमधला संदेश तिथे निळ्या चौकटीत दिसतो, आयफोनवरून अँड्रॉइडला गेलेला हिरव्या. तिकडच्या बहुतेक किशोरवयीन मुलांकडे आयफोनच असल्याने हिरवा रंग म्हणजे 'हा आपल्यातला नाही' असं होऊन बसलं. मार्च २०२४मध्ये अमेरिकेच्या न्याय विभागाने अ‍ॅपलवर खटला भरला, त्यातही या रंगामुळे होणाऱ्या हेटाळणीचा उल्लेख आहे. त्या वर्षीच्या सप्टेंबरात अ‍ॅपलने अँड्रॉइडशी होणारी देवाणघेवाण सुधारली, रंग मात्र हिरवाच ठेवला.

"बरं," मी विचारलं, "तुमच्या वर्गात आयमेसेजवर कोण बोलतं?"

तो थांबला. "कुणीच नाही. सगळे व्हॉट्सअ‍ॅपवर नाहीतर इन्स्टावर."

"आणि व्हॉट्सअ‍ॅपवर आपण पाठवलेला मेसेज कुठल्या रंगात दिसतो?"

"हिरव्या," म्हणाला आणि पहिल्यांदा हसला. "सगळ्यांनाच."

पण याचा अर्थ आपल्याकडे उतरंड नाही असा नाही. ती वेगळ्या पायऱ्यांची आहे आणि तिचे बारकावे मला प्रथमेशनेच समजावले. व्हॉट्सअ‍ॅप म्हणजे घरचे, क्लासच्या नोटिसा आणि मावशीचे सुप्रभात. मित्र इन्स्टाग्रामवर. त्यातले खास मित्र 'क्लोज फ्रेंड्स'च्या यादीत. २०१८ साली आलेल्या या सोयीत निवडक लोकांनाच स्टोरी दिसते, तिच्याभोवती हिरवं कडं असतं. (हिरवा रंग इथे मानाचा, हेही बघा.) त्याहून जवळचे स्नॅपचॅटवर, तिथे रोज न चुकता एकमेकांना फोटो पाठवून 'स्ट्रीक' टिकवायची. कुणी तुमचा व्हॉट्सअ‍ॅप नंबर मागितला तर त्याला वह्या हव्या आहेत, इन्स्टा आयडी मागितला तर त्याला तुम्ही हवे आहात. मुलींच्या बाबतीत मला ही यादीच जास्त दुखावताना दिसते, मुलांच्या बाबतीत फोन. आणि फोन कुठला ते लपत नाही. आरशासमोरच्या सेल्फीत मागचे कॅमेरे दिसतात, स्क्रीनशॉट टाकला तरी जाणकार ओळखतात.

मग त्याने एअरड्रॉपचं सांगितलं, म्हणजे जवळच्या दोन आयफोनमध्ये फोटो थेट पाठवायची सोय: "कॅन्टीनबाहेर फोटो काढतात ना, तेव्हा आयफोनवाले तिथंच एअरड्रॉप करून घेतात. मला म्हणतात, तुला व्हॉट्सअ‍ॅप करतो. आणि मग विसरतात."

हे 'विसरतात' तो ज्या आवाजात म्हणाला, तिथे माझ्या दृष्टीने खरं समुपदेशन सुरू झालं. 'एका फोनने काय होतंय' म्हणणाऱ्या पालकांना माझी विनंती आहे, हे वाक्य त्या मुलासमोर बोलू नका. त्याचं दुःख खरं आहे. लिऑन फेस्टिंगर या मानसशास्त्रज्ञाने १९५४मध्ये मांडलं होतं की माणूस आपलं मोजमाप आपल्यासारख्यांशी तुलना करून करतो. प्रथमेश अंबानींच्या मुलाशी तुलना करत नव्हता, शेजारच्या बाकाशी करत होता. शाळेत जो पहिला होता तो इथे फोटोतसुद्धा नाही, हे त्याला रोज दुपारी कळत होतं.

आणि हे काही या पिढीने काढलेलं नाही. २०१०च्या आसपास माझ्याकडे येणारी मुलं ब्लॅकबेरी फोनचा 'पिन', म्हणजे त्यावर मेसेज करायला लागणारा ओळख-क्रमांक, असण्या-नसण्यावरून रडायची. बीबीएम या त्याच्या मेसेज सेवेवर बोलायला ब्लॅकबेरीच लागायचा, त्यातच त्याची सगळी ऐट होती. २०१३मध्ये ते अँड्रॉइड आणि आयफोनवालेही वापरू लागले, तोवर मुलं व्हॉट्सअ‍ॅपकडे वळली होती. २०१९मध्ये सर्वसामान्यांसाठीचं बीबीएम बंद झालं. तेव्हा वडिलांच्या मागे लागून ब्लॅकबेरी घेतलेली एक मुलगी आता स्वतः आई आहे. तिला तो फोन कुठे गेला ते आठवत नाही, कुणी पिन दिला नव्हता ते मात्र अजून आठवतं.

काही भेटी अशाच गप्पांत गेल्या. वडील अस्वस्थ झाले. "मॅडम, तुम्ही त्याला समजवत का नाही?" हा प्रश्न मला नवा नाही. समजवायचं काम घरात झालेलंच असतं, ते चाललं नाही म्हणून तर लोक येतात.

माझा ओढा मानसशास्त्रज्ञ आल्फ्रेड अ‍ॅडलरकडे आहे हे माझ्या विद्यार्थ्यांना ठाऊक आहे. प्रत्येक वागण्यामागे गटात आपली जागा मिळवण्याची धडपड असते, हे त्याचं म्हणणं मला पुस्तकापेक्षा या खोलीत जास्त पटलं आहे. त्याच्या परंपरेतला एक साधा प्रश्न मी योग्य वेळेसाठी राखून ठेवते. घाईने विचारला तर वाया जातो. त्या दिवशी प्रथमेशने दप्तर खाली ठेवलं, पण चेन उघडीच राहिली. मला वाटलं, आता विचारावं.

"समज, उद्या सकाळी फोन तुझ्या हातात आला. खोकं फोडलंस, सिम टाकलंस, कॉलेजला गेलास. दुपारी दोन वाजता काय वेगळं असेल?"

"फोटो लगेच मिळतील."

"मग?"

"मग स्टोरीत मला टॅग करतील."

"मग?"

बराच वेळ गेला. "रविवारी कुठं जायचं ते ठरवताना मला पण विचारतील."

"सध्या कुणाकुणाला विचारतात?"

तो बोटांवर नावं मोजू लागला. चौथ्या नावाला अडखळला.

"त्याच्याकडे कुठला फोन आहे?"

"साधा अँड्रॉइड. भावाचा जुना. काचेला तडा आहे."

"आणि तरी विचारतात?"

"तो त्यांच्याबरोबर ढोल पथकात आहे. ताशा वाजवतो." मग जरा चिडूनच, "आणि तो बोलतो मॅडम. सारखा बडबडत असतो. फोटो काढायचा म्हटलं की मध्ये घुसतो."

"आणि तू?"

खूप वेळ तो दप्तराचा पट्टा पिळत बसला. मी घड्याळाकडे पाहिलं नाही. अशा शांततेत तोंड उघडायचं नाही, एवढं एक जरी नव्या समुपदेशकाला जमलं तरी अर्धं काम होतं.

"मी आधीच निघतो," तो म्हणाला. "फोन दिसू नये म्हणून. फोटोचं निघालं की मी दप्तर भरायला लागतो."

नंतर आपणच म्हणाला, "म्हणजे त्यांना वाटत असेल मलाच यायचं नाही."

हे मी त्याला पहिल्या भेटीतही सांगू शकले असते. चेन ओढली तेव्हाच मला अंदाज आला होता. पण माझ्या तोंडून आलेलं वाक्य त्याने खोडून काढलं असतं, स्वतःच्या तोंडून आलेलं कसं खोडणार?

यातली मेख अशी. 'फोन नाही म्हणून मित्र नाहीत' हे दुःख मुलाला सोसवतं. 'मी येऊ का विचारलं आणि त्यांनी नाही म्हटलं' हे सोसवत नाही. फोन नसणं त्याला त्या दुसऱ्या दुःखापासून वाचवत होतं. म्हणून तो फोनसाठी महिनाभर अबोला धरू शकत होता, पण शेजारच्या बाकावरच्या मुलाशी दोन वाक्यं बोलू शकत नव्हता. अशा मुलाला फोन घेऊन दिला तर पंधरा दिवस बरे जातात. मग मागणी बदलते: घड्याळ, बूट, बाइक. विचारायचं धाडस करायचं राहूनच जातं.

पुढचं थोडक्यात सांगते. त्याने ताशावाल्या मुलाला विचारलं, "रविवारी तुमचा सराव बघायला येऊ का?" तो म्हणाला, "ये की. विचारतोस काय?" बाकीच्यांपैकी एकाने नंतरही त्याला धूप घातली नाही, ते होणारच होतं. ढोल त्याला जमला नाही, कमरेला बांधलेलं ओझं पेलवेना. झांज जमली. पथकाचा ग्रुप व्हॉट्सअ‍ॅपवर होता. आयफोन त्याला अजूनही हवा आहे, आणि त्यात मला काही गैर वाटत नाही.

वडिलांबरोबरची बैठक वेगळी झाली आणि खरं सांगायचं तर जास्त अवघड गेली. 'मागशील ते' हा शब्द त्यांनी दिला होता. मुलगा हट्टी नव्हता, तो शब्द वसूल करत होता. मी म्हटलं, त्याच्यासमोर मान्य करा की बोललो तेव्हा हिशोब केला नव्हता. त्यांनी केलं, मान खाली घालून का होईना. मग तिघांनी कागद घेतला. भारतात आयफोन १६ आला तेव्हा त्याची किंमत ७९,९०० रुपयांपासून सुरू होती. बिनव्याजी म्हटलं तरी चोवीस हप्ते केले की महिन्याला साधारण ३,३३० रुपये. अठरा वर्षांखालच्या मुलाच्या नावावर कर्ज मिळत नाही, त्यामुळे हप्ता वडिलांच्याच पगारातून. भागाकार प्रथमेशने केला. ठरलं असं की आहे तो फोन बारावीपर्यंत वापरायचा, मग घरातून एक ठरलेली रक्कम मिळेल, वरचे पैसे त्याने जमवायचे. त्या वेळी कुठला फोन घ्यायचा ते त्यानेच ठरवायचं.

आईच्या डब्यांचा विषय मी त्या बैठकीत काढू दिला नाही. 'तुझी आई पहाटेपासून पोळ्या लाटते आणि तू' असं म्हटलं की मुलाची मागणी गप्प होते, पण मिटत नाही. वर आईशीही बोलणं तुटतं.

याच काळजीने झोप उडालेल्या इतर आईबापांनाही थोडं सांगते. मार्कांच्या बदल्यात वस्तूचा वायदा करू नका, आणि केला असेल तर पाळा किंवा सरळ माफी मागा. टाळाटाळ करू नका. नाही म्हणायचं असेल तर 'परवडत नाही' हे खरं कारण द्या, 'मोबाइलने डोळे जातात' असलं नको. मुलांना खोटं कारण पटकन ओळखू येतं. वर्गात कोण कोणाबरोबर डबा खातं, हे फोनच्या मॉडेलपेक्षा आधी विचारा. लग्नात कुणाच्या दारात कुठली गाडी उभी होती यावर घरात रोज चर्चा होत असेल, तर मुलगा तीच रीत फोनला लावणार. माझ्यासमोर 'पोरांना दिखावा फार' म्हणणाऱ्या कित्येक वडिलांचा स्वतःचा फोन टेबलावर कंपनीचं चिन्ह वर करून ठेवलेला असतो.

एक प्रसंग मात्र या सगळ्यात बसत नाही. मूल जेवण सोडत असेल, घरातून पैसे किंवा दागिना गेला असेल, किंवा 'नाही दिला तर जिवाचं बरं-वाईट करीन' असं म्हणालं असेल, तर त्याला नाटक समजू नका आणि घाबरून लगेच फोन आणायलाही धावू नका. त्या दिवशी खरेदीचा विषयच काढू नका, मुलाला एकटं सोडू नका. ओळखीचे डॉक्टर, समुपदेशक नाहीतर सरकारची टेलि-मानस सेवा, कुणाशी तरी त्याच दिवशी बोला. टेलि-मानसचा क्रमांक १४४१६ आहे, पैसे पडत नाहीत, मराठीत बोलता येतं आणि रात्रीही फोन उचलतात.