१/८ डेमी आणि ए५ एकच का? होमस्टेच्या पत्रकासाठी कुठला साइज घ्यावा?

तुमचा प्रश्न असा: जांबोटी भागात होमस्टे सुरू करताय, २००० पत्रकं आणि घडीची ५०० ब्रोशर छापायची आहेत. पुण्यातल्या भाच्याने ए५ मध्ये डिझाइन करून दिलंय आणि प्रेसवाला म्हणतोय, "१/८ डेमीच करूया की ओ, दोन्ही एकच."

एकच नाहीत. मी बेळगावात बरीच वर्षं डीटीपी करतोय आणि या "एकच"पायी हात पोळून घेतलेत.

ए५ म्हणजे १४८ बाय २१० मिमी. १/८ डेमी म्हणजे साडेपाच बाय साडेआठ इंच, मिमीत १४० बाय २१६. म्हणजे रुंदीला ८ कमी आणि लांबीला ६ जास्त. हातात घेतलं तर फरक कळणारही नाही, पण डिझाइनला कळतो. भाच्याची फाइल १४० रुंदीत बसवायला लहान केली की उंची १९९ च्या आसपास येते आणि वर-खाली मिळून जवळजवळ १७ मिमी कोरी पट्टी उरते. ती भरायला मग कुणीतरी फोटो ताणतो, आणि तुमचं कौलारू घर उभं लांबट दिसायला लागतं.

प्रेसवाला डेमी का म्हणतो ते त्याच्या कागदात बघा. डेमी शीट, म्हणजे छपाईचा मोठा कागद, १८ बाय २३ इंचाची. तिचे आठ तुकडे करून कडा छाटल्या की १/८ डेमी. मिमीत २३ इंच म्हणजे ५८४. ए५ चे चार तुकडे रुंदीने शेजारी ठेवले तर लागतात ५९२. आठ मिमी कमी पडले! मग सगळे एकाच दिशेने लावले तर एका शीटमधून आठऐवजी सहाच ए५ निघतात. २००० पत्रकांना २५० शीटच्या जागी ३३४ लागणार, शिवाय वेस्टेज वेगळं. त्याचं गणित त्याच्या बाजूने बरोबर आहे.

ए४ चंही तेच. दोन ए४ लांबीला ५९४, म्हणजे १० मिमी कमी. एका मंडळाचा जमाखर्चाचा अहवाल मी ए४ मध्ये लावून दिला होता. कुठल्या कागदावर छापणार, हे ना मी विचारलं ना त्यांनी सांगितलं. १८ बाय २३ वर चार पानं बसवायला कटिंगला खालची कड थोडी जास्त घेतली गेली. नेमकी तळाला "अखेर शिल्लक"ची ओळ होती. वार्षिक सभेत खजिनदारांना शिल्लक तोंडी सांगावी लागली आणि मागच्या रांगेतून जे काही ऐकायला मिळालं ते इथे लिहिण्यासारखं नाही.

तेव्हा प्रेसवाल्याला साइज विचारण्याआधी विचारा, "शीट कुठली घालणार?" आर्ट पेपर २५ बाय ३६ मध्ये मिळतो. तो मधोमध कापला की १८ बाय २५. त्यात चार ए४ किंवा आठ ए५ ब्लीड (कडेबाहेर जास्तीचा छापलेला, नंतर कापला जाणारा भाग) धरून आरामात बसतात, ग्रिपरलाही, म्हणजे मशीन कागद जिथे पकडते त्या कडेलाही, जागा उरते. ती शीट असेल तर भाच्याची फाइल जशीच्या तशी चालेल. त्याच्याकडे डेमीच पडून असेल तर भाच्याला १४० बाय २१६ मध्ये नव्याने लावायला सांगा. दोन्ही ठीक आहे. फक्त ए५ ची फाइल दाबून डेमीत बसवू नका.

पत्रक पेपरात घालून वाटणार असाल तर याच मापाचं घ्या. ए४ घातलं तर पेपर टाकणाऱ्या पोरांना घडी घालत बसावं लागतं. मराठी एका बाजूला, कन्नड दुसऱ्या बाजूला करा. एकाच बाजूला दोन्ही कोंबलं की टाइप बारीक होतो, आणि कन्नडची जोडाक्षरं ओळीखाली लोंबतात म्हणून ओळींमधलं अंतर जास्त लागतं. दोन्हीकडे छपाई असल्याने कागद किमान ९० जीएसएम (एका चौरस मीटरचं ग्रॅममधलं वजन) घ्या, नाहीतर मागची अक्षरं पुढे दिसतात. आणि फाइल देताना दोन्ही लिप्या कर्व्ह करून, म्हणजे अक्षरांचे आकार करून, द्या. प्रेसच्या कॉम्प्युटरवर फाँट नसला की "स्वागत"चं काय होईल सांगता येत नाही.

ब्रोशरसाठी मात्र मी ए४ सोडून दुसरं सुचवणार नाही. तीन भागांत घडी घातली की ९९ बाय २१० होतं, त्यालाच डीएल म्हणतात. ११० बाय २२० च्या पाकिटात जातं, चोर्ल्याच्या रस्त्यावरच्या हॉटेलच्या काउंटरवर उभं राहतं, गाडीच्या डॅशबोर्डवर मावतं. वजनाचाही हिशोब सोपा. ए० शीट जवळजवळ एक चौरस मीटरची, ए४ तिचा सोळावा भाग. १३० जीएसएमचा एक ए४ साधारण ८ ग्रॅम, म्हणजे ५०० ब्रोशर चार किलो. एका पिशवीत येतात, एसटीने नेता येतील.

घडीत एक गोम आहे. तिन्ही भाग सारखे ९९ ठेवले तर आत जाणारा भाग घडीत अडतो आणि ब्रोशर फुगतं. तो ९७ ठेवा, बाकीचे दोन १००. आतल्या बाजूला डावीकडून १००, १००, ९७ आणि बाहेरच्या बाजूला उलटं, ९७, १००, १००. दोन्ही बाजूंना एकच माप ठेवण्याची चूक नवखे हमखास करतात. मीही केली आहे.

कागद १७० जीएसएम किंवा जाड घ्यायचा झाला तर घडीआधी क्रीझिंग, म्हणजे घडीच्या रेषेवर दाबून खाच, करून घ्या, नाहीतर गडद रंगावर घडीची पांढरी रेघ उठते. तुमच्या फोटोंत हिरवं जंगल भरपूर असणार, म्हणजे ती दिसणारच. पातळ कागदाला गरज नाही.

आधी शंभरच करून बघायची असतील तर डिजिटलवर काढा. तिथे शीट १२ बाय १८ किंवा १३ बाय १९ इंचाची असते आणि दोन्हींत दोन ए४ बसतात. सुटी डीएल कार्डं करायची असतील तर १३ बाय १९ मागा. ब्लीडसकट तीन डीएल शेजारी ठेवायला ३१५ मिमी लागतात आणि १२ इंच म्हणजे जेमतेम ३०५.

आज एवढं करा. कोरा ए४ घ्या, दोन घड्या घालून तीन भाग करा, पेनाने "समोर", "मागे", "आत" आणि नकाशा कुठे ते लिहा. भाच्याला त्याचा फोटो पाठवा आणि मूळ कागद प्रेसवाल्याच्या हातात द्या.